लहान, पण निरोगी? : बाळाच्या उंचीवरून झालेला एक वाद

"पोर चणीनं लहान आहे, पण खेळतंय ना? मग झालं तर." हे वाक्य आपण सगळ्यांनी घरात कधी ना कधी ऐकलंय. आजीनं म्हटलेलं असतं, शेजारणीनं म्हटलेलं असतं, क्वचित डॉक्टरांनीही. आईचा जीव थंड करायला ते बरं असतं. आज आपण याच वाक्याचा इतिहास पाहणार आहोत. कारण १९८० च्या सुमारास हे वाक्य एका गृहीतकाच्या रूपानं शास्त्रात अवतरलं आणि ज्या ग्रंथात ते ठळकपणे मांडलं गेलं तो ग्रंथ १९८२ साली आपल्या पुण्यात प्रसिद्ध झाला. त्या वादात कोट्यवधी मुलांना 'उपाशी' म्हणायचं की 'निरोगी', याचा निकाल लागायचा होता. तो वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही आहारशास्त्राचे नव्हेत. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण 'आहे' आणि 'असायला हवं' यांतला फरक हा आमच्या विषयाचा जुना दुखरा भाग, आणि तो इतक्या उघडपणे, फूटपट्टी हातात घेऊन भांडला गेल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला माहीत नाही. म्हणून हा विषय.

आधी थोडं मोजमाप समजून घेऊ. जन्मतः बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ती सुमारे २५ सेंटिमीटरनं वाढते, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्म्यानं. आयुष्यात पुन्हा कधीही, अगदी वयात येतानासुद्धा, माणूस इतक्या वेगानं उंच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ८७ सेंटिमीटरच्या आसपास आणि मुलीची ८६ च्या थोडी खाली असते. मुलगा ८१ च्या खाली असला, मुलगी ७९ च्या जरा वरच्या रेषेखाली असली, तर त्याला किंवा तिला 'खुजं' म्हणतात. म्हणजे उंची खुंटलेली. वजन उंचीच्या मानानं कमी असेल तर ते मूल 'रोड'. हा भेद जॉन वॉटरलो यांनी जमेकात कुपोषित मुलांवर काम करताना केला आणि १९७२-७३ च्या सुमारास तो शास्त्रात रूढ झाला. रोडपणा ही आत्ताची उपासमार, खुजेपणा ही साचलेली. रोड मूल आठ-दहा आठवडे नीट खायला मिळालं की भरून येऊ शकतं. खुजेपणाचं तसं नाही. तो दिसतही नाही, कारण अंग प्रमाणात असतं. तीन वर्षांचं मूल दोन वर्षांचं वाटतं एवढंच. आणि गावातली सगळीच मुलं तशी असली तर तेही वाटत नाही.

उंची ही गरिबीची खूण आहे हे काही विसाव्या शतकाचं संशोधन नव्हे. फ्रान्समध्ये व्हिलर्मे नावाच्या डॉक्टरानं १८२९ मध्ये सैन्यभरतीच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की जिथे सुबत्ता आहे तिथे माणसं उंच आहेत आणि लवकर उंच होतात. पण ते प्रौढ तरुणांबद्दल होतं. नुकत्या दूध सोडलेल्या बाळाकडे शास्त्राचं लक्ष जायला आणखी शंभर वर्षं लागली.

ते लक्ष गेलं सिसिली विल्यम्स या बाईंमुळे. जन्मानं जमेकाच्या, पश्चिम आफ्रिकेत गोल्ड कोस्टमध्ये (म्हणजे आजच्या घानात) डॉक्टर. अंगावर सूज, त्वचा सोललेली, केस तांबूस झालेले, असं चिडचिडं, मलूल मूल त्यांना वारंवार दिसे. १९३३ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं आणि १९३५ मध्ये स्थानिक गा भाषेतलंच नाव त्या रोगाला दिलं, क्वाशिओरकोर. त्याचा आशय असा: पाठचं भावंड आलं म्हणून आईच्या अंगावरून बाजूला सारलेल्या मुलाला होणारं दुखणं. आम्हाला हे नावच फार बोलकं वाटतं. त्या बायांनी रोगाचं कारण नावातच सांगून ठेवलं होतं. आईचं दूध गेलं आणि त्याच्या जागी नुसती मक्याची पातळ पेज आली. याच विल्यम्सबाईंनी पुढे १९३९ साली सिंगापूरमध्ये डबाबंद गोड दूध बाळांसाठी विकण्यावर जे भाषण केलं त्याला 'दूध आणि खून' असं नाव दिलं होतं. शब्द राखून बोलायचा त्यांचा स्वभाव नसावा.

आता गंमत पाहा. विल्यम्सबाईंनी दाखवलं ते बाळाच्या खाण्याचं एक संपूर्ण चित्र होतं. त्यात आईचं बाळंतपण होतं, दोन मुलांतलं अंतर होतं, वरचं अन्न होतं. जगातल्या संस्थांनी त्यातला एकच शब्द उचलला: प्रथिनं. १९५० नंतरची वीस वर्षं 'प्रथिनांची दरी' बुजवण्यात गेली. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ साली येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाबद्दल अहवाल काढला. माशांची पूड, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ, तेलावर वाढवलेले सूक्ष्मजीव, काय काय करून पाहिलं. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्नतंत्र संस्थेनं शेंगदाणा आणि हरभरा यांचं बहुगुणी पीठ केलं. ते वाईट नव्हतं. पण निदानच चुकलं होतं.

ते चुकलंय हे सांगणाऱ्यांत दोन भारतीय पुढे होते, आणि हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच दोघं समोरासमोर येणार आहेत. एक, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन. दुसरे, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ, पन्नाशीच्या दशकापासून रोममध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं त्या काळी सर्रास म्हटलं जाई. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये ते गणित मोडून काढलं आणि खरोखर पोटभर न मिळणाऱ्यांचं प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांच्या घरात आणून ठेवलं. आकड्यांच्या बाबतीत माणूस कठोर. प्रथिनांबद्दल दोघांचंही म्हणणं थोडक्यात असं, की गरिबाचं मूल जे धान्य खातं तेच त्याला पोटभर मिळालं तर प्रथिनंही बहुतेक पुरतात. कमी पडतं ते अन्नच. गोपालन यांच्या संस्थेनं मुलांना रोज सुमारे ३१० कॅलरींचा खाऊ जादा देऊन पाहिला, ज्यात प्रथिनं अवघी ३ ग्रॅम होती. मुलं वाढली. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या सगळ्या प्रकरणाचा 'प्रथिनांची महाफजिती' अशा अर्थाच्या मथळ्याखाली समाचार घेतला आणि तो अध्याय संपला.

मग पुण्याचा अध्याय सुरू होतो. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवण्यापुरताही खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब; त्या मोजणीनं खेड्यांत ४० टक्के, शहरांत ५० टक्के. साधारण त्याच सुमारास सुखात्मे रोमहून निवृत्त होऊन पुण्यात आले आणि विचारू लागले, की २२५० ही तर सरासरी गरज. प्रत्येकाची गरज तेवढीच कशी असेल? शिवाय एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. शरीर मिळेल त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं. म्हणून उपाशी कोण हे ठरवायचं तर सरासरीच्या खाली नव्हे, त्या जुळवून घेण्याच्या मर्यादेच्याही खाली जो आहे त्यालाच मोजा. रेषा खाली आली आणि गरिबांचा आकडा निम्म्यावर, कुठे त्याच्याही खाली घसरला.

दांडेकरही साताऱ्याचेच. दोघांची जुंपली ती इंग्रजी साप्ताहिकाच्या पानांवर, १९८१-८२ मध्ये. दांडेकरांच्या आक्षेपाचं सार आमच्या शब्दांत सांगायचं तर असं. गरज वरखाली होते हे मान्य. पण ती वरखाली होत असेल, तर वर्षभराच्या हिशेबात माणूस सरासरीजवळ यायला हवा. मग एक आख्खा वर्ग कायमचा खालच्याच कडेला का सापडतो? आणि त्या कडेला सगळे गरीबच कसे? श्रीमंताचं शरीर कधी १८०० वर जुळवून घेताना दिसत नाही. सुखात्म्यांचा आधार होता तो थोड्याशा निरोगी प्रौढ पुरुषांवर झालेल्या प्रयोगांचा. कॉलेजवयीन अमेरिकन तरुणाचं शरीर काही आठवडे जे करतं ते मेळघाटातल्या दीड वर्षाच्या मुलीच्या बाबतीत गृहीत धरायचं का, हा प्रश्न राहतोच. प्रौढाला फक्त टिकायचं असतं, बाळाला वाढायचं असतं.

आणि इथे ते वाक्य येतं. डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं सुखात्म्यांचा विचार मुलांच्या उंचीला लावला. दक्षिण आशियातली बहुसंख्य 'कुपोषित' मुलं रोड नाहीत, नुसती लहान आहेत. उंचीच्या मानानं त्यांचं वजन ठीक आहे. म्हणजे कमी अन्नात निभावण्यासाठी शरीरानं आकार आवरता घेतलाय. ही मुलं 'लहान पण निरोगी'. धोक्यात आहेत ती फक्त शेवटच्या टोकाची. पैसा त्यांच्यावर खर्च करा. हा लेख ज्या संग्रहात आला त्याचे संपादक सुखात्मे, आणि प्रकाशक पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी.

सेक्लर यांना दुष्ट ठरवण्याचं कारण नाही. पैसा थोडा, मुलं फार. खरी गरज कुणाची हे शोधायला हवं, हा प्रश्न प्रामाणिक होता. वाढीचा कमाल दर म्हणजेच आरोग्य, असं का मानायचं, हाही प्रश्न आमच्या मते अगदी रास्त. तत्त्वज्ञानाच्या वर्गात असा प्रश्न कुणी विचारला असता तर आम्ही खूश झालो असतो. पण यातली मेख 'जुळवून घेणं' या शब्दात आहे. झाड सावलीत खुरटं राहतं, तेही जुळवून घेणंच. त्याची किंमत काय पडली, हे शब्द सांगत नाही. जगणं हे निभावण्याचा पुरावा आहे. ठीक असण्याचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

गोपालन यांनी १९८३ मध्ये जे उत्तर लिहिलं त्याचा मथळाच पुरेसा होता: लहान असणं आरोग्याचं, पण ते गरिबांसाठी, श्रीमंतांसाठी नव्हे? कालचे सहकारी आज विरुद्ध बाजूंना. गोपालन यांचा राग कळतो. ज्या अर्थतज्ज्ञाच्या स्वतःच्या नातवंडाची वाढ आलेखाच्या रेषेखाली गेली तर घर डोक्यावर घेतलं जाईल, तो दुसऱ्याच्या मुलाबद्दल म्हणतो, ठीक आहे. पण रागानं वाद संपत नाही. पुरावा लागतो, आणि तो यायला पंचवीस वर्षं गेली.

पहिला पुरावा ग्वाटेमालातून. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन गावांत मुलांना आणि आयांना 'आतोले' नावाची दूधपूड घातलेली दाट पेज, दोन गावांत 'फ्रेस्को' हे गोड सरबत. प्रयोग मांडला होता प्रथिनांचा परिणाम पाहायला, ती जुनी फॅशन! पण हाती लागलं ते निराळंच. पेजेच्या गावांतली मुलं उंच झाली, आणि फरक पडला तो तीन वर्षांच्या आत. त्यानंतर दिलेल्या पेजेनं उंचीत दखल घेण्यासारखं काही झालं नाही. हीच मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शोधून काढली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असं दिसलं, की ज्या पुरुषांना पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळाली होती त्यांची ताशी कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. बायकांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही. त्या गावांत बायकांना कमाईची कामं कोणती होती हा त्यामागचा प्रश्न. काही असो, 'नुसती लहान' असण्याची किंमत पहिल्यांदा पैशांत मोजली गेली.

दुसरा पुरावा पुन्हा पुण्याचाच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांच्या मागे आहेत, आई गरोदर असल्यापासून. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. सेक्लर यांचा हिशेब खरा असता तर आपलं बाळ म्हणजे त्या बाळाची लहान आवृत्ती निघायला हवी होती. तसं नाही निघालं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. दिसायला कृश, आतून मेदाळ. अशी शरीरं पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर जातात. शरीरानं काटकसर केली ती सरसकट केली नाही. काय टाकायचं आणि काय ठेवायचं याची निवड केली, आणि त्या निवडीची परतफेड चाळिशीत करावी लागते. याच गावांत असंही आढळलं, की ज्या आया गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. या कामात आगरकर संशोधन संस्थेचाही हात होता. आणि आगरकर संस्था म्हणजे कोण? महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच, १९९२ मध्ये नाव बदललेली! ज्या घरातून प्रश्न निघाला त्याच घरी उत्तराचा एक भाग सापडला. आपल्याकडच्या संस्थांबद्दल आपण एवढं वाईट बोलतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तिसरा पुरावा फूटपट्टीचाच. तोवर जगभर वापरला जाणारा तक्ता अमेरिकन मुलांवरून केलेला होता, आणि त्यातली पुष्कळ बाळं बाटलीवर वाढलेली. तो सांगे, अमेरिकेत मुलं अशी आहेत. मग 'आमची मुलं अमेरिकन नाहीत' असं म्हणायला जागा राहायची, आणि ते म्हणणं गैरही नव्हतं. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं प्रश्नच बदलला. मुलं कशी आहेत हे नको. आईचं दूध, पुरेसं वरचं अन्न, स्वच्छ घर, धूम्रपान न करणारी आई, एवढं मिळालं तर मुलं कशी वाढतात ते बघू. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा ठिकाणी, सुमारे साडेआठ हजार मुलं. भारतातली दक्षिण दिल्लीची, अर्थात खात्यापित्या घरांतली. निकाल असा, की उंचीतला जो फरक मिळाला त्यातला सुमारे ३ टक्केच देशादेशांतला होता. ७० टक्के माणसामाणसांतला. सोयीचं बालपण मिळालं की ओस्लोचं आणि दिल्लीचं पोर पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखं वाढतं. २००६ मध्ये त्यावरून जे तक्ते झाले त्यांना 'संदर्भ' न म्हणता 'मानक' म्हटलं गेलं. 'आहे'वरून 'असायला हवं'वर जाणं तत्त्वज्ञानात निषिद्ध मानतात. इथे ती उडी लपवून मारलेली नाही, आधी सांगून मारली आहे. आम्हाला ते प्रामाणिक वाटतं.

तरी वाद उठलाच. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी विचारलं, की आफ्रिकेतल्या कित्येक गरीब देशांपेक्षा भारतात बालमृत्यू कमी, मग खुजी मुलं जास्त कशी? म्हणजे आपण मुळातच बुटके असू आणि फूटपट्टी परक्याची. भारताचा वेगळा तक्ता हवा ही मागणी आजही होते. प्रश्न टाकाऊ नाही. पण त्याला एक फार मार्मिक उत्तर सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दिलं. त्यांनी मुलांचा जन्मक्रम पाहिला. भारतातला पहिला मुलगा आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा बुटका नाही. उंची घसरते ती पुढच्या भावंडांत, आणि ती घसरण इथे आफ्रिकेपेक्षा तीव्र. आईबाप तेच, रक्त तेच. थोरल्या मुलाला एक माप आणि पाठच्या मुलीला दुसरं, असं जनुक करत नाही. ते ताट वाढणारा हात करतो.

आता ताटाबद्दलच बोलू, कारण इतिहास शेवटी तिथेच येतो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, आणि मग वरचं अन्न. आपल्याकडे उष्टावणाचा सोहळा थाटात होतो, चांदीची वाटी येते. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वाटीत वरणाचं पाणी येतं. बाळाचं पोट केवढं? किलोमागे तीसेक ग्रॅम मावतील एवढं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाव लिटरही मावत नाही. ते पाण्यानंच भरलं तर अन्न जायचं कुठे? पातळ पेज दिवसातून दोनदा खाणारं बाळ पोट भरलेलं आणि उपाशी, दोन्ही एकाच वेळी असतं. म्हणून घट्ट भरवा, मऊ भातावर तूप घाला, डाळ घोटून द्या, अंडं द्या, आणि दिवसातून चार वेळा द्या. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं सत्त्व आपल्या आज्या करत. मोडामुळे स्टार्च फुटतो आणि घट्ट खीरही बाळाला गिळण्याइतकी सैल होते, हे बडोद्याच्या विद्यापीठात प्रयोगानं दाखवलं गेलं. पण चार वेळा भरवायला घरात कुणी लागतं. आई खुरपणीला गेली, बाळ सहा वर्षांच्या ताईकडे, तर भरवणार कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते दोन वर्षांच्या भारतीय मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना किमान पुरेसा आहार मिळत होता. ही केवळ गरिबी नव्हे. सुखवस्तू घरांतही हा आकडा लाजिरवाणा आहे.

महाराष्ट्रानं एकदा करून दाखवलं होतं. आदिवासी भागांतल्या बालमृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, व्ही. रमणी हे त्याचे प्रमुख. भर होता तो रिकाम्या जागा भरण्यावर, प्रत्येक मुलाचं वजन घेण्यावर आणि पुढे पहिल्या हजार दिवसांवर: गर्भातले २७० आणि नंतरची दोन वर्षं. दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आला. श्रेय एकट्या मिशनचं नाही. मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय, बायकांच्या हाती आलेला पैसा, सगळ्यांचं. पण पुढचं ऐका. पाच वर्षांखालच्या मुलांत राज्याचा आकडा २००५-०६ मध्ये ४६.३, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. म्हणजे थांबला. मागे असलेला देश ४८ वरून ३५.५ वर येऊन आपल्या शेजारी उभा राहिला.

सुखात्म्यांवर अन्याय नको. दूषित पाण्यानं वारंवार होणारे जुलाब खाल्लेलं अन्न वाया घालवतात, तेव्हा नळ आणि संडास हेही पोषणच, असा आग्रह ते धरत होते; तो ऐकायला हवा होता. अलीकडे बांगलादेश आणि केनियात मोठे प्रयोग झाले. नुसत्या हात धुण्यानं, संडासानं आणि पाणी शुद्ध करण्यानं मुलांची उंची वाढली नाही, आहारानं थोडी वाढली. त्यावरून काहींनी पाण्याचा मुद्दाच निकालात काढला. आम्हाला ते घाईचं वाटतं. अंगणात कोंबड्या, शेजारी गटार आणि मध्ये एक नवा संडास, एवढ्यानं बाळाच्या आतड्याला काय कळणार?

शेवटी एक तपशील. आपली अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली आणि कितीतरी वर्षं तिच्याकडे फक्त वजनकाटा होता. मूल लहान असलं तरी अंगानं बरं असलं की वजनाच्या तक्त्यात त्याचा खुजेपणा लपून जाई. उंची मोजायची साधनं सगळीकडे पोचू लागली ती २०१८ च्या पोषण अभियानानंतर. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर आडवं निजवून मोजावं लागतं. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ करून पाय पट्टीला टेकवायचे. बाळ रडतं, पाय आखडतं, एका सेंटिमीटरची चूक सहज होते आणि त्या सेंटिमीटरवर ते मूल रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं. पुष्कळ अंगणवाड्यांत ताई आणि मदतनीस मिळून दोघीच असतात, आणि त्यातली एक त्या वेळी चुलीपाशी असते.

वेळ झालीय. प्रश्न असतील तर घेऊ.